साहेबांच्या फाटकासमोरचा ट्रक

साहेबांना रस्त्यात कोणी नमस्कार केला, तर त्याचं उत्तर ते परत येताना द्यायचे. जाताना नुसतं एक बोट वर करायचे. म्हणजे, थांबा, मी मोजतो आहे. घरापासून भाजीवाल्यापर्यंत किती पावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत किती, हे सगळं त्यांना पाठ होतं. तरी ते रोज नव्यानं मोजायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, रस्ता काही रोज लांब-आखूड होत नाही ना?"

"रस्ता नाही होत, मास्तरीणबाई. माणूस होते. ज्या दिवशी पेटीपर्यंत धा पावलं जास्त लागतील, त्या दिवशी समजायचं का आपण म्हातारे झालो."

तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढे होतं आणि तो दिवस अजून उजाडला नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते आमचे घरमालक. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा आम्ही प्रताप नगरात त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तेव्हा तिथे घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते आणि रस्ते मुरमाचे. मी सकाळच्या शाळेत शिकवत असे, नवऱ्याची नोकरी फिरतीची. महिन्यातले पंधरा दिवस तो बाहेरगावी. त्यामुळे साहेबांचे बहुतेक पराक्रम मी एकटीनं पाहिले आणि नवऱ्याला नंतर सांगितले. त्यातले निम्मे त्याला खरे वाटत नसत.

साहेबांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. हद्दीचे दगड शोधायचे, लोखंडी साखळी ओढायची, नकाशा काढायचा. जिल्ह्यातली किती शेतं त्यांच्या पायाखालून गेली याचा हिशेब त्यांनाही नसावा. रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं घड्याळ दिलं, ते त्यांनी भाच्याला देऊन टाकलं आणि आपली जुनी साखळी मागून घरी आणली. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी टांगा अजून दारात उभा होता, तर साहेब खाकी अर्धी पँट आणि डोक्यावर सोला हॅट घालून आमच्या खोल्या मोजत होते. मोजून झाल्यावर चेहरा पडला. नवऱ्याला म्हणाले, "तुम्हाले मी स्वयंपाकघर नऊ फूट सांगतलं होतं. दोन इंच कमी भरून राहिलं. गिलाव्यात गेलं वाटते." नवरा म्हणाला, काही हरकत नाही. साहेबांना मात्र हरकत होती. पुढचा महिनाभर जिन्यात भेटले की ते म्हणायचे, "ते दोन इंचाचं माह्या ध्यानात हाय."

घरात ते डावं-उजवं बोलत नसत. दिशा बोलत. जेवायला बसले की, "अवं, उत्तरेकडची ते कोशिंबीर थोडी इकडे सरकव." काकू, म्हणजे त्यांची बायको, मुकाट्यानं उत्तरेकडची कोशिंबीर सरकवायच्या. चाळीस वर्षांत त्यांना सवय झाली होती. मला नव्हती. एकदा साहेब म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या वायव्येले पाल हाय." मी वायव्य शोधेपर्यंत पाल अंगावर पडली.

अंतराबद्दल कोणी सैल बोललेलं त्यांना खपायचं नाही. पुतणीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलाचे वडील सहज बोलून गेले, "आमचं घर काय, स्टेशनापासून पाच मिनिटं." दुसऱ्या दिवशी साहेब स्टेशनापासून चालत गेले. सतरा मिनिटं लागली. तिथूनच परत आले आणि नकार कळवला. वहिनी रडली, भाऊ चिडला. साहेब म्हणाले, "जो माणूस स्टेशनाबद्दल असं बोलते, तो पोराच्या तब्येतीबद्दल काय बोलन?" पुतणीचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं. त्या घराचं स्टेशनापासूनचं अंतर मुलाकडच्यांनी आधीच लेखी कळवलं होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणताही वाद असो, देवळाच्या वर्गणीचा, नळाच्या पाळीचा, ते शांतपणे विचारायचे, "कागदावर काय हाय?" कागदावर जे असेल ते खरं. मग समोरच्यानं कितीही हातवारे केले तरी साहेब ढिम्म.

अशा माणसाच्या फाटकासमोर दौलतनं ट्रक उभा केला.

दौलत हुडकेश्वरकडच्या एका खेड्यातला. तिशीचा, किडकिडीत, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात तो बायकोसह भाड्यानं राहायला आला. ट्रक त्याचा स्वतःचा होता, तिसऱ्या की चौथ्या हातचा. त्याला तो "म्हातारी" म्हणायचा. म्हातारी विटा वाहायची, रेती वाहायची आणि बहुतेक दिवस सावनेरकडून कोळसा आणायची. संध्याकाळी दौलत परत आला की आपल्या दारासमोरून पुढे यायचा, चार घरं ओलांडायचा आणि नेमका आमच्या फाटकासमोर ट्रक लावायचा. चाकाखाली दगड ठेवायचा आणि घरी चालत जायचा.

पहाटे साडेपाचला तो यायचा, दगड काढायचा. ट्रक आधी आवाज न करता सरकायचा, मग एकदम खोकल्यासारखं काहीतरी व्हायचं आणि सगळी गल्ली काळ्या धुरात बुडायची. काकूंच्या अंगणातल्या मूगवड्यांवर कोळशाची पूड बसायची. माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवरही. आणि साहेबांना फाटकातून बाहेर पडताना तिरपं व्हावं लागायचं, त्यामुळे पहिलं पाऊल चुकायचं आणि पोस्टाच्या पेटीपर्यंतचा सगळा आकडा बिघडायचा. खरं दुखणं ते होतं.

पहिल्या आठवड्यात साहेब सभ्यपणे बोलले. "दौलत, तुह्या घरासमोर जागा मोकळी हाय. इथं काहून लावतो गा?"

"इथं बरं पडते, साहेब."

"काय बरं पडते?"

दौलत चपलेनं मुरूम उकरत राहिला. "जागा बरी हाय," इतकंच म्हणाला.

समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये लाव म्हणावं, तर तो खोलगट आणि काळ्या मातीचा. तिथे म्हैस रुतायची, ट्रकचं काय. पण गल्लीत दुसरीकडे जागाच जागा होती. तरी हा माणूस रोज इथेच का येतो, याचं एकच उत्तर साहेबांना सुचलं. मुद्दाम.

मग त्यांनी पाटी लावली. पाटी कसली, दस्तऐवजच. "या खुणेपासून पूर्वेस अठरा फूट व पश्चिमेस बावीस फूट या दरम्यानच्या क्षेत्रात जड वाहन उभे करू नये." संध्याकाळी दौलतनं ट्रक लावला, खाली उतरला, पाटीसमोर उभा राहून बोट ठेवत ती पूर्ण वाचली. मी गॅलरीत होते. त्यानं मान वर करून विचारलं, "बाई, पूर्व कोणती?"

मी दाखवली. तो "हं" म्हणाला आणि घरी गेला. ट्रक तिथेच.

पाटीनं भागत नाही म्हटल्यावर साहेबांनी जागाच अडवली. दुपारी चार वाजता त्यांनी टेबल आणि खुर्ची फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध मांडली, टेबलावर पेपर, चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या, आणि हॅट घालून वाचत बसले. येणारे-जाणारे सायकलवाले वळसा घालून जात होते. कोणीतरी विचारलं, "साहेब, जनगणना सुरू झाली का?" साडेपाचला दौलत आला. टेबलापासून हातभर अंतरावर म्हातारी थांबली. दौलत उतरला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि वाट पाहू लागला. इंजिन चालूच.

"आधी इंजन बंद कर. मंग बोलू," साहेब पेपरातून म्हणाले.

"राहू द्या चालू."

"काहून?"

"राहू द्या, साहेब."

"अरे, डिझेल जळून राहिलं तुहं."

"जळू द्या."

ही मग्रुरी आहे, असं साहेबांनी ठरवलं. दौलत मात्र अगदी गरीब चेहऱ्यानं बसला होता. काकू चहा घेऊन आल्या. एक कप साहेबांना, एक दौलतला. साहेब म्हणाले, "त्याले कायले देतं?" काकू म्हणाल्या, "दिवसभर गाडी चालवून आला थो. तुम्ही काय करून आले?" तासाभरानं धुरानं साहेबांचे डोळे लाल झाले, पेपर काळा पडला. ते उठले. दौलतनं अदबीनं टेबल उचलून आत नेऊन ठेवलं आणि ट्रक जागेवर लावला. मग इंजिन बंद केलं.

हे चार दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी साहेब नाकाला रुमाल बांधून बसले. तिसऱ्या दिवशी मंडळी पाहायला येऊ लागली, एक शेंगदाणेवालाही येऊन उभा राहिला. चौथ्या दिवशी दौलतची बायको तिखट-मीठ लावलेल्या काकड्या घेऊन आली आणि काकूंच्या शेजारी आमच्या फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसली. दोघी पाय हलवत गप्पा मारत होत्या आणि समोर त्यांचे नवरे लढत होते. पाचव्या दिवशी साहेबांनी टेबल आत ठेवलं आणि अर्ज लिहायला घेतला.

अर्ज सात पानांचा झाला, नकाशा वेगळा. त्यात दोन मुद्दे होते. एक, ट्रकमुळे रस्ता नियमापेक्षा अरुंद होतो. दोन, ट्रकच्या चाकांमुळे पावसाचं पाणी तुंबतं. वॉर्ड ऑफिसनं एका तरुण ओव्हरसियरला पाहणीसाठी पाठवलं. दिवस सुट्टीचा होता, त्यामुळे म्हातारी जागेवरच उभी होती आणि गल्ली झाडून हजर होती. ओव्हरसियरकडे तीन पायांची दुर्बीण होती, जमिनीचा चढउतार बघायची. मोजायची फीत मात्र तो विसरला होता. साहेब आतून आपली साखळी घेऊन आले. नवरदेव घोडीवर बसायला येतो तसे आले.

एक टोक ओव्हरसियरनं धरलं, दुसरं साहेबांनी. समोरच्या प्लॉटच्या हद्दीच्या दगडापासून सुरुवात झाली. साखळी रस्ता ओलांडून आमच्या फाटकाकडे आली, ट्रकच्या पुढून गेली आणि रस्त्याची नकाशातली रुंदी जिथे संपायला हवी होती तिथे ताणली. साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. साखळीचं टोक दर वेळी आमच्या ओट्यावर, काकूंच्या बसायच्या जागेवर येऊन पडत होतं.

"एक फूट सात इंच," साहेब म्हणाले. "ओटा रस्त्यावर हाय."

ओव्हरसियर बिचारा भला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ द्या, साहेब. ओट्याचं कोण पाहते? मी ट्रकचंच लिहितो."

"मी पाह्यलं ना."

"पण तुमची तक्रार ट्रकची आहे."

"मोजणी रस्त्याची हाय. लिहा. फाटकाच्या पूर्वेकडील ओटा, अतिक्रमण, एक फूट सात इंच." त्याचं पेन थांबलेलं पाहून त्यांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं.

माझ्या मागून कोणीतरी हसलं. दौलत हसला नाही. तो पुढे येऊन म्हणाला, "साहेब, राहू द्या ना. माही काही तक्रार नाही."

"तुही नसन. कागदाची हाय."

दुसरा मुद्दा पाण्याचा होता. ओव्हरसियरनं दुर्बीण लावली आणि माझ्या हातात आकडे रंगवलेली उंच पट्टी दिली, कारण शाळामास्तरीण पट्टी सरळ धरेल असं त्याला वाटलं. मी गल्लीच्या एका टोकापासून पट्टी घेऊन थांबत थांबत निघाले. साहेबांनी ओव्हरसियरला बाजूला सारून दुर्बिणीला डोळा लावला होता आणि ते आकडे ओरडून सांगत होते. दौलतच्या घरासमोर जमीन सपाट. पुढच्या घरासमोर सपाट. त्याच्या पुढेही सपाट. आमच्या फाटकाशी मी पट्टी टेकवली आणि साहेबांचा आवाज बंद झाला.

"जरा पुढं," ते म्हणाले. मी पुढे झाले. "आणखी पुढं."

फाटकापासून पुढे चाळीस-पन्नास पावलांत रस्ता चांगला कमरेइतका खाली उतरत होता. रोज त्यावरून चालत असूनही ते कधी जाणवलं नव्हतं. साहेबांनी दुर्बिणीतून डोळा काढला. ट्रककडे पाहिलं. पुढच्या चाकाखालचा दगड पाहिला. मी पट्टी घेऊन ट्रकपाशी परतले होते, दौलत तिथेच टेकून उभा होता. साहेब हळूहळू चालत आले आणि अगदी त्याच्यासारख्या हळू आवाजात विचारलं, "स्टार्टर खराब हाय का गा?"

दौलतनं इकडेतिकडे पाहिलं. ऐकायला फक्त मी होते.

"दोन साल झाले, साहेब. इतक्या जुन्या गाडीचा पार्ट भेटत नाही कुठं. उतारावर सोडली तरच चालू होते. अन् सकाळी थंड असते तेव्हा दोन-तीन मैल पाय काढला का बंद."

"म्हणून इंजन बंद करत नव्हता."

"सपाटीवर बंद केली असती तं धक्का माराले धा माणसं लागली असती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय करू? गाडी अशी हाय म्हटलं तं कोळसेवाला माल भरू देईन काय? सांगू नका कोणाले."

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "कागदात स्टार्टरचं काही इचारलं नाही," आणि दुर्बिणीकडे परत गेले. ओव्हरसियरला त्यांनी लिहून दिलं की पाणी ट्रकमुळे तुंबत नाही, उतार आहे, आपोआप वाहून जातं. दुसरा मुद्दा त्यांनी स्वतःच निकालात काढला.

त्या दुपारी मी काकूंना सांगावं की नाही या विचारात होते. काकू गहू निवडता निवडता म्हणाल्या, "समजलं का शेवटी यायले? मले तं काकड्यांच्या दिवशीच सांगतलं त्याच्या बायकोनं."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"यायनं इचारलं कुठं? ते टेबल मांडून बसले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सब्बल, म्हणजे पहार, घेऊन ओटा फोडायला बसले. पंधरा मिनिटांत धाप लागली. दौलत त्या दिवशी कामावर गेला नाही. त्यानं सब्बल घेतली. साहेब शेजारी खडू घेऊन उभे. "एक फूट सातच. आठ नको." दौलतनं एक फूट सातच फोडला. उरलेल्या ओट्यावर काकूंना बसता येत होतं, पण पाय हलवायला जागा नव्हती. त्यांनी त्याबद्दल पुढे तीन दिवस घरात कोणाशी बोलणं टाळलं, म्हणजे साहेबांशीच, कारण घरात तिसरं कोणी नव्हतं.

इथे सगळं मिटायला हवं होतं. पण सात पानी अर्ज आपल्या वाटेनं निघाला होता. महिन्याभरानं हुकूम आला. अर्जदाराची तक्रार रास्त आहे, सदर रस्त्यावर मालवाहू वाहन उभं करण्यास मनाई, आठ दिवसांत हटवावं. साहेबांनी तो गॅलरीखाली उभं राहून मला वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, "भल्ला पक्का हुकूम हाय. मीच लिहिला असता तं असाच लिहिला असता."

दौलतला मात्र आठ दिवसांत ट्रक नाक्यावर न्यावा लागणार होता. तिथे जमीन तव्यासारखी सपाट. म्हणजे म्हातारी तिथे एकदा बंद झाली की झाली. त्याची बायको आमच्या अर्ध्या ओट्यावर येऊन रडून गेली. दौलत रडला नाही, भांडलाही नाही. नेहमीसारखा ट्रक लावून, दगड ठेवून, "येतो साहेब" म्हणून गेला. साहेबांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते वॉर्ड ऑफिसात गेले. "तुम्ही साक्षीदार," म्हणाले. खिडकीतल्या कारकुनानं हरकतीचा कागद उलटसुलट पाहिला.

"मूळ अर्ज कोणाचा?"

"माहा."

"अन् हरकत?"

"माहीच."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच विरोधात?"

"हो. तेव्हा माहिती कमी होती."

"आता कोणती माहिती आली?"

दौलतला शब्द दिला होता. "खाजगी हाय," ते म्हणाले.

कारकुनानं कागद परत सरकवला. "काका, हुकूम तुमच्याच बाजूनं लागला. घरी जा, पेढे वाटा." मागच्या रांगेतले लोक हसले. साहेबांनी विचारलं, "हुकमाच्या कागदावर नेमकं काय हाय?" आणि तिथेच उभं राहून तो पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाचला.

पुढचे दोन दिवस साहेब रस्त्यानं जाताना ताबडतोब नमस्कार घेत होते. मला काळजी वाटली. ते मोजत नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आले, तर साहेब ट्रकखाली उताणे झोपलेले. फक्त पाय बाहेर. दौलत बाजूला उभा. साहेब आतून विचारत होते, "पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत किती?" मग बाहेर आले, अंगणात गेले, एक तांब्या पाणी दाराशी ओतलं आणि ते कुठे वाहत जातं ते वाकून पाहू लागले. पाणी धावत फाटकाकडे गेलं, फाटकाखालून रस्त्यावर आलं. साहेब इतके हसले की हॅट पडली.

"मास्तरीणबाई, हुकमात काय लिहिलं हाय? रस्त्यावर उभं करू नये. रस्त्यावर." त्यांनी मागे बोट दाखवलं. "हे अंगण कोणाचं हाय? माहं. अन् याले उतार हाय. घर बांधलं तेव्हा पाणी बाहेर जावं म्हणून मीच ठेवला."

काकू दारात आल्या. सगळं ऐकलं. म्हणाल्या, "रस्त्यावर नको म्हणून दोन महिने रान उठवलं. आता घरात घेऊन राहिले काय?"

"घरात नाही. अंगणात."

"माह्या वड्या?"

"दिवसा गाडी बाहेर असते. अंगण तुहंच हाय."

काकूंनी थोडा विचार केला. "मंग माहा ओटा पुरा बांधून द्या. आतल्या बाजूनं."

हे मान्य झालं. पुढचे तीन दिवस गल्लीतले सगळे आमच्या कंपाउंडची भिंत पाडत होते. फाटक काढून कोपऱ्यात तिरपं बसवायचं ठरलं, म्हणजे ट्रक समोरच्या काळ्या मातीत न जाता उतारावर वळेल. साहेबांनी अंगणापासून रस्त्यापर्यंत चुन्यानं एक वळण काढलं. पुढचं डावं चाक बरोबर त्या रेषेवरून गेलं पाहिजे. इकडे चार इंच झालं तर तुळशीवृंदावन जाणार, तिकडे चार इंच झालं तर ट्रक चिखलात. आठव्या दिवशी संध्याकाळी दौलतनं म्हातारीला उलटी आत घेतली. साहेब आधी शिट्टी वाजवत होते, मग शिट्टी सोडून "येऊ दे, येऊ दे" म्हणत नाचू लागले. मला दुसरा शब्द सापडत नाही. इंजिन बंद झालं, तेव्हा ट्रकचं तोंड रस्त्याकडे होतं आणि मागचं फळकट काकूंच्या खिडकीला टेकायला वीतभर कमी.

सकाळी सगळी गल्ली बघायला. दौलत स्टेअरिंगशी बसला. साहेबांनी ठरवलं, चाक रेषेवर राहतं की नाही हे आतूनच पाहायला हवं. दात घातलेले नव्हते, अंगात बंडी, डोक्यावर हॅट. तसेच चढून दौलतच्या शेजारी बसले आणि खिडकीतून निम्मे बाहेर लोंबकळले. मी दगड काढला. म्हातारी निघाली. आधी आवाज न करता, तुळशीच्या कडेनं, तिरप्या फाटकातून, रेषेवरून. एका पोरीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. उतारावर आल्यावर दौलतनं क्लच सोडला, म्हातारी खोकली, पुन्हा खोकली आणि चालू झाली. गल्लीनं आरोळी ठोकली. धुरातून आम्हाला फक्त साहेबांची हॅट दिसली, ती हलत हलत कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"अवो, हे कुठं चालले?" काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि दातांची वाटी.

ते संध्याकाळी परत आले. चेहरा, बंडी, हॅट सगळं कोळशानं एका रंगाचं. दौलतनं सांगितलं, "नाक्यावर गाडी गरम झाली, मी म्हटलं, उतरा साहेब, रिक्षा पाहून देतो. तं म्हणाले, चाल पुढं. दिवसभर गाडीतून उतरलेच नाही. दात नाही म्हणून नुसत्या केळ्यांवर राहिले." साहेब काकूंना सांगत सुटले होते. चाळीस वर्षं ज्या शेतांच्या बांधावरून चालले, ती त्यांनी पहिल्यांदा वरून पाहिली होती. अमक्याचा बांध सरकला आहे, तमक्यानं संत्री लावली आहेत. "अन् तुहा भाऊ दिसला. सावनेरच्या अलीकडे, सायकलवर. बराच वाळला वं थो."

काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "माह्या भावाले पाह्यलं? अन् बोलले नाही?"

"गाडी चालू होती."

काकू तांब्या ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दगड काढायला खाली आले तर त्या ठेवणीतली हिरवी साडी नेसून, मूगवड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये दौलतच्या शेजारी बसलेल्या. तीन वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. साहेब अंगणात उभे होते, हातात रिकामा कप. त्यांना चहा करता येत नव्हता.

मी दगड काढला. ट्रक सरकला, रेषेवरून गेला, खोकला, चालू झाला. साहेब शेजारून चालू लागले, मग धावू लागले. सत्तरीकडे झुकलेला माणूस मुरमाच्या रस्त्यावर ट्रकबरोबर पळत होता आणि विचारत होता, "अवं, परत कधी येतं? साखर कुठं हाय? अवं, थांब ना जराशी."

काकू समोर बघत होत्या. पदर डोक्यावरून नीट करत त्या म्हणाल्या, "बाजूले व्हा. ही गाडी मधात थांबत नाही."